मुलांच्या मनातले उत्तर कागदावर कसे उतरते?

किशोरवयीन मुले आणि व्यसने या विषयावर या सदरात लिहिल्यापासून ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. शिक्षक, पालक, संशोधन करणारे विद्यार्थी आणि एक अकरावीतला मुलगा, अशा सर्वांनी आपापल्या जागेवरून साधारण एकच गोष्ट विचारली आहे: आरोग्याला अपाय करणाऱ्या सवयींबद्दल मुलांना खरोखर काय वाटते, हे मोजायचे तरी कसे? निवडक पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तंबाखू, गुटखा आणि व्हेप (ई-सिगारेट) यांविषयी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार करून मी आठवी ते दहावीच्या मुलांकडून भरून घेतली. जवळजवळ सर्वांनी ‘हे घातक आहे’, ‘हे वापरू नये’ अशीच उत्तरे लिहिली. त्याच आठवड्यात शाळेच्या मागच्या भिंतीपाशी गुटख्याच्या रिकाम्या पुड्या सापडल्या. मुले माझ्याशी खोटे बोलली, असे समजायचे का?
— एक शिक्षिका, कळवा

उत्तर : मुले खोटे बोलली असे मला वाटत नाही. तुम्ही जे विचारलेत त्याचे त्यांनी बरोबर उत्तर दिले. पत्रासोबत जोडलेल्या प्रश्नावलीतील वीसपैकी चौदा विधाने ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’, ‘गुटख्यामुळे तोंड उघडणे कठीण होते’ अशा स्वरूपाची आहेत. ती ज्ञानाची विधाने आहेत. तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागा व्यापणारा चित्रमय इशारा २०१६ पासून छापलेला असतो, पाठ्यपुस्तकात धडा असतो आणि विज्ञानाच्या बाईंनी स्वतः प्रश्नावली वाटलेली असते. अशा वेळी मूल तो कागद परीक्षेसारखाच सोडवते. उरलेली सहा विधाने ‘वापरू नये’ या उपदेशाची आहेत आणि उपदेशाशी असहमत होण्यासाठी वर्गात बसून मोठे धैर्य लागते.

माहिती असणे, एखाद्या गोष्टीकडे ओढ किंवा नावड असणे आणि प्रत्यक्ष तसे वागणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी मधल्या गोष्टीला मानसशास्त्रात अभिवृत्ती म्हणतात. कागदावरची अभिवृत्ती आणि प्रत्यक्ष वर्तन यांतली दरी अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३४ मध्येच दाखवून दिली होती. एका चिनी दांपत्याबरोबर त्यांनी देशभर प्रवास केला आणि अडीचशेच्या आसपास हॉटेले व उपाहारगृहे गाठली. त्यांपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच जागांना पत्राने विचारले असता, उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी आपण चिनी पाहुण्यांना प्रवेश देणार नाही असे कळवले. तेथे कागदावर कठोर असलेली माणसे दारात सौम्य झाली. तुमच्या शाळेत बहुधा याच्या उलट, म्हणजे कागदावर चांगले आणि वागण्यात वाईट, असे घडत असावे.

या दरीचे पुढे जे स्पष्टीकरण मिळाले ते शाळेतल्या कामाला अतिशय उपयोगी आहे. मार्टिन फिशबाइन आणि आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये आणि नंतर आयझेन यांनी नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तात असे मांडले की, माणसाचा एखादी गोष्ट करण्याचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: त्या कृतीबद्दल त्याला स्वतःला काय वाटते, त्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या माणसांना काय वाटेल असे त्याला वाटते आणि ती कृती करणे किंवा टाळणे आपल्या हातात किती आहे असे त्याला वाटते. तुमच्या प्रश्नावलीत यांपैकी दुसरी आणि तिसरी बाजू पूर्णपणे निसटली आहे आणि पहिलीही अर्धीच आली आहे, कारण त्या सवयीतून मुलाला काय मिळते असे वाटते, हे तुम्ही विचारलेलेच नाही. मित्रांत सामील होता येते, परीक्षेच्या आधी जागता येते, भूक मरते, आपण मोठे झालो असे वाटते, अशी कारणे मुलांच्या मनात असतात. ती कागदावर नसतील तर मुलाला आपले खरे मत ठेवायला जागाच उरत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, विधाने स्वतः लिहिण्याआधी दहा-बारा मुलांना एक खुला प्रश्न विचारावा: ‘तुमच्या वयाची मुले हे का करत असतील?’ स्वतःबद्दल विचारले की मूल सावध होते, पण इतरांबद्दल विचारले तर ते पुष्कळ सांगते. त्यांच्याच शब्दांतून विधाने तयार करावीत. ‘मित्रांनी दिल्यावर एखाद्या वेळी घेतले तर काही बिघडत नाही.’ ‘व्हेपला आंब्याचा वास येतो, म्हणून ते सिगारेटइतके वाईट नसावे.’ ‘घरातली मोठी माणसे मशेरी लावतात, म्हणजे मशेरी तंबाखूत मोडत नाही.’ हे शेवटचे विधान मी मुद्दाम देत आहे. ‘तुमच्या घरी कोणी तंबाखू वापरते का’ या प्रश्नाला मुले ‘नाही’ म्हणतात आणि ‘आजी मशेरी लावते का’ असे विचारले की होकारार्थी माना हलतात, हे मी अनेक वर्गांत पाहिले आहे. जी वस्तू ज्या नावाने घरात ओळखली जाते त्याच नावाने ती विचारली पाहिजे.

वयाचाही विचार करावा. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले त्या काळात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. २००९ मध्ये हे प्रमाण १४.६ टक्के होते. घट समाधानकारक आहे. परंतु त्याच सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखू वापरलेल्या मुलांपैकी ५२ टक्के मुलांनी सुरुवात दहावा वाढदिवस होण्यापूर्वीच केली होती. आठवीत अभिवृत्ती मोजायला निघालेला शिक्षक काही मुलांच्या बाबतीत चार-पाच वर्षे उशिरा पोहोचलेला असतो. शक्य असेल तर पाचवी-सहावीसाठी, चित्रांचा आधार असलेली सोपी आवृत्ती तुम्ही तयार करावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

त्या पुड्यांविषयी एवढेच सांगेन. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत कोणतेही तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. जवळ टपरी असेल तर तिची तक्रार वेगळी करावी. मुलांच्या प्रश्नावलीतून तिचा शोध घेऊ नये.

प्रश्न : मी एम. एड. करत आहे. किशोरवयीनांच्या आरोग्यविषयक जोखमीच्या वर्तनाबद्दलची अभिवृत्ती मोजणारी एक इंग्रजी श्रेणी (सहमत-असहमत अशा उत्तरांना गुण देणारी प्रश्नावली) मी मराठीत आणली आहे. तंबाखू, मद्य, हेल्मेट, जंक फूड आणि मोबाइल अशा पाच विषयांची मिळून चाळीस विधाने आहेत. एकूण गुणांची बेरीज करून मुलांचे ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ असे गट पाडायचे आहेत. मार्गदर्शक म्हणतात की क्रॉनबाख अल्फा (विधानांची आपसातली सुसंगती दाखवणारा, एकपर्यंत जाणारा आकडा) ०.७० च्या वर आला की पुरे. आपले मत काय?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : ०.७० हा आकडा संशोधकांनी संकेत म्हणून स्वीकारलेला आहे आणि तो पाळावा, पण तो पुरेसा नाही. अल्फा एवढेच सांगतो की विधाने एकमेकांशी सुसंगत उत्तरे मिळवतात. ती योग्य गोष्ट मोजतात की नाही, हे अल्फा सांगू शकत नाही. शिवाय विधानांची संख्या वाढवली की अल्फा आपोआप वाढतो, त्यामुळे चाळीस विधानांच्या श्रेणीत तो भरघोस येणे ही विशेष बाब नाही. पाच विषयांची एकत्र बेरीज मात्र मला मान्य नाही. सिगारेटला ठाम नकार देणारी मुलगी हेल्मेटला कटकट मानत असेल, तर तिची बेरीज मध्यावर येईल आणि त्या मधल्या आकड्यातून तिच्याबद्दल काहीही खरे कळणार नाही. पाच उपश्रेणी ठेवाव्यात आणि प्रत्येकीचे गुण व विश्वसनीयता वेगळी द्यावी. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली बेरजेची पद्धत सगळी विधाने एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात या गृहीतकावर उभी आहे.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडील बहुतेक श्रेणी तेथेच लंगडतात. तुमच्या मराठी आवृत्तीत ‘धोका’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. ठाणे-नवी मुंबईच्या वर्गांत ज्यांच्या घरची भाषा हिंदी किंवा उर्दू आहे अशी पुष्कळ मुले बसतात आणि त्यांच्या कानाला धोका म्हणजे फसवणूक. ‘दारू पिण्यात धोका आहे’ या विधानाला अशी मुले सहमत झाली, तरी ती नेमकी कशाशी सहमत झाली हे कोणी सांगावे? ‘आजार होऊ शकतो’, ‘इजा होऊ शकते’, ‘अभ्यासावर परिणाम होतो’ असे नेमके शब्द वापरावेत.

दुसरी अडचण दुहेरी नकाराची आहे. ‘हेल्मेट न घालणे योग्य नाही’ या विधानावर ‘असहमत’ अशी खूण करताना मोठी माणसेही अडखळतात. उलट दिशेची विधाने जरूर असावीत, अन्यथा मुले एकाच उभ्या रेषेत खुणा करत जातात. मात्र ती नकार न वापरता लिहावीत. ‘जवळच जायचे असेल तर हेल्मेटची गरज नसते’ हे विधान तेच काम नीट करते.

तिसरी गोष्ट मराठीच्या व्याकरणातली आहे. ‘मी मित्रांना नाही म्हणू शकतो’ असे लिहिले की मुली बाजूला पडतात आणि ‘शकतो/शकते’ लिहिले की वाक्य किचकट होते. ‘मला मित्रांना नाही म्हणता येईल’ हे वाक्य मुलगा आणि मुलगी दोघांचे आहे, आणि आपल्या क्षमतेवरचा विश्वास मोजायला याहून नैसर्गिक रचना मला माहीत नाही.

अनुवाद झाल्यावर मूळ श्रेणी न पाहिलेल्या व्यक्तीकडून तो पुन्हा इंग्रजीत करून घ्यावा आणि दोन्ही ताडून पाहावे. त्यानंतर आठ-दहा मुलांना एकेकटे बसवून प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला सांगावे आणि ‘तुला यातून काय समजले?’ असे विचारावे. यात एक आठवडा जाईल, पण या आठवड्यात जेवढे दोष सापडतात तेवढे नंतरच्या कोणत्याही संगणकीय विश्लेषणात सापडत नाहीत. नंतर थोड्या मुलांवर पथदर्शी चाचणी घ्यावी आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने त्याच मुलांकडून पुन्हा भरून घ्यावी.

नमुन्यासाठी तुम्ही लिहिलेला ३८५ हा आकडा पाच टक्क्यांपर्यंतच्या त्रुटीसाठी आणि साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून करावी तशा) निवडीसाठी बरोबर आहे. तुम्ही मात्र अख्खे वर्ग निवडत आहात. एका वर्गातली मुले एकमेकांसारखा विचार करतात, त्यामुळे नमुना वाढवावा लागेल आणि चार मोठे वर्ग घेण्यापेक्षा अधिक शाळांतून थोडी थोडी मुले घेणे श्रेयस्कर ठरेल. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची संख्याही प्रबंधात नोंदवावी. वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांमध्येच या सवयी अधिक असण्याचा संभव असतो.

प्रश्न : आमच्या मुलीच्या शाळेने एक संमतिपत्र पाठवले आहे. मुलांना धूम्रपान, मद्यपान आणि स्वतःला इजा करण्याचे विचार याबद्दल प्रश्न विचारणार आहेत. ती चौदा वर्षांची आहे. जे तिच्या डोक्यात नाही ते अशा प्रश्नांमुळे यायचे नाही ना? सही करावी की नाही?
— एक पालक, नेरूळ

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे आणि संशोधकांनीही ती गांभीर्याने घेतली आहे. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील सहा माध्यमिक शाळांतील सुमारे २,३०० विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न विचारले गेले आणि निम्म्यांना नाही. ज्यांना प्रश्न विचारले होते त्यांचा ताण किंवा तसे विचार इतरांपेक्षा वाढलेले आढळले नाहीत आणि आधीच नैराश्यात असलेल्या मुलांवर तर अशा विचारण्याचा अनिष्ट परिणाम मुळीच दिसला नाही. विचारल्याने विचार रुजतो, या भीतीला या अभ्यासातून आधार मिळत नाही.

सही करण्यापूर्वी मात्र शाळेला काही गोष्टी जरूर विचाराव्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते आणि बारा वर्षांवरील मुलाची स्वतःची लेखी तयारीही लागते. म्हणजे तुम्ही सही केलीत तरी तुमची मुलगी नकार देऊ शकते, आणि मधेच एखादा प्रश्न सोडूही शकते. हे तिला आधी स्पष्ट सांगितले जाणार आहे का? कागदावर नाव असेल का? भरलेले कागद वर्गशिक्षकांच्या हाती जाणार आहेत का? इजेसंबंधीचा प्रश्न वाचून एखाद्या मुलीला रडू आले, तर तिच्याशी बोलायला त्या दिवशी शाळेत समुपदेशक असेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर मी तुमच्या जागी सही करणार नाही आणि कारणही लेखी कळवेन. उत्तरे समाधानकारक मिळाली तर सही करावी.

घरी आल्यावर ‘तू काय लिहिलेस?’ असे तिला कृपा करून विचारू नये.

प्रश्न : आम्ही शाळेत असे सर्वेक्षण घेऊ इच्छितो. मुलांची नावे घेतली तर ज्यांना खरोखर मदतीची गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचता येईल. हेतू चांगला असताना नावे घेण्यास हरकत काय?
— एक मुख्याध्यापक, ठाणे

उत्तर : सर, हरकत आहे. नाव असलेल्या कागदावर तुम्हाला फक्त आदर्श विद्यार्थी भेटतील आणि ज्यांच्यापर्यंत तुम्हाला पोहोचायचे आहे तेच आधी दडतील. सर्वेक्षण आणि समुपदेशन ही दोन कामे वेगळी ठेवावीत. नाव नसेल एवढेही पुरत नाही. शिक्षकांना अक्षर ओळखता येते, म्हणून लिहिण्याऐवजी फक्त खुणा करायच्या असाव्यात. बाकावर एकच मूल बसवावे, शिक्षकांनी बाकांमधून फिरू नये आणि कागद मुलांनी स्वतः बंद पेटीत टाकावेत. तेच सर्वेक्षण सहा महिन्यांनी पुन्हा घेऊन जोड्या लावायच्या असतील तर मुलांकडून सांकेतिक क्रमांक तयार करून घेता येतो. त्यासाठी जन्मतारीख किंवा आईचे नाव वापरू नये, कारण ते शाळेच्या रजिस्टरमध्ये असते. आजोळच्या गावाचे पहिले अक्षर, मोठ्या मावशीच्या नावाचे शेवटचे अक्षर अशा गोष्टी मुलालाच ठाऊक असतात.

मदतीसाठी प्रश्नावलीच्या शेवटी एक वेगळी चिठ्ठी जोडावी. ती मुलाने घरी न्यावी. तिच्यावर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि संकटातील मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक, तसेच समुपदेशकांच्या भेटीची वेळ असावी. लैंगिक अत्याचाराबद्दलचा प्रश्न मात्र तयारीशिवाय अशा सर्वेक्षणात घालू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर तो कळवणे बंधनकारक आहे. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे आधी मुलांना वचन देऊन नंतर ते मोडावे लागले, तर ते मूल पुन्हा कोणत्याही मोठ्या माणसावर विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे आणि रोज दिव्याहून ठाण्याला लोकलने जातो. आमच्या कॉलेजात एक फॉर्म दिला होता. त्यात ‘लोकलच्या दारात उभे राहणे चुकीचे आहे’ असे वाक्य होते. मी ‘सांगता येत नाही’ वर खूण केली. सर म्हणाले, जी मुले विचार करत नाहीत ती मधल्या रकान्यात खूण करतात. पण सकाळी आत शिरायला जागाच नसते. मी हौसेने दारात उभा राहत नाही. मी काय लिहायला हवे होते?
— एक विद्यार्थी, दिवा

उत्तर : तू विचार केलास आणि त्या वाक्यात तुझ्या विचाराला जागा नव्हती. मधल्या रकान्यात खूण करणारी मुले तीन प्रकारची असतात: ज्यांना खरोखर ठरवता येत नाही, ज्यांना मनातले सांगायचे नाही आणि ज्यांना तो प्रश्नच लागू पडत नाही. या तिघांना एकाच रकान्यात कोंबले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून ‘हे वाक्य मला लागू होत नाही’ असा वेगळा रकाना असायला हवा. ही त्रुटी फॉर्म तयार करणाऱ्यांची आहे.

पण तुझ्या पत्रात याहून महत्त्वाची गोष्ट आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, हे तुझ्या रोजच्या वाटेवरच घडले आहे, त्यामुळे दारात उभे राहण्यातला धोका तुला कोणी शिकवायला नको. तुझे मत सुरक्षिततेच्या बाजूचे आहे आणि वागणे मात्र तुझ्या हातात पूर्णपणे नाही. वर कळव्याच्या शिक्षिकांना लिहिताना मी ज्या तिसऱ्या बाजूचा उल्लेख केला, ती हीच. ज्या फॉर्ममध्ये ही बाजू मोजली जात नाही, तो फॉर्म दारात लटकून वारा खाणाऱ्या मुलाला आणि आत जागा नाही म्हणून दांडी घट्ट धरून उभ्या असलेल्या मुलाला एकाच गटात टाकतो, आणि मग दोघांनाही तेच व्याख्यान ऐकावे लागते.

त्या एका वाक्याची मी तीन वाक्ये केली असती: ‘आत जागा असली तरी मला दारात उभे राहायला आवडते.’ ‘माझे मित्र दारात उभे राहिले तर मलाही तेथेच उभे राहावे लागते.’ ‘मला हवे असले तरी सकाळच्या लोकलमध्ये आत शिरता येत नाही.’ पहिल्याशी असहमत आणि तिसऱ्याशी सहमत होणाऱ्या मुलांची संख्या मोजली, तर ती वर्गात फळ्यावर लिहिण्यापेक्षा रेल्वेला पाठवण्याजोगी माहिती ठरेल. कॉलेजची वेळ अर्धा तास पुढे नेता येईल का, याचा विचारही प्राचार्यांना त्यावरून करता येईल.

तुझ्या पत्रातले ‘मी हौसेने दारात उभा राहत नाही’ हे वाक्य थोडे बदलून, मुलींनाही वापरता येईल अशा रूपात, पुढच्या वेळी मी माझ्या प्रश्नावलीत घेऊ इच्छिते. तुझी हरकत असल्यास संपादकांच्या पत्त्यावर कळव.